लालबाग ते धोबी तलाव, एका घोड्याच्या पिक्चरसाठी

दादरच्या फुलबाजारातून हार घेऊन परत येत होतो. बसथांब्याच्या काचेतल्या जाहिरातीत घोडा दिसला आणि मी माझी बस सोडली. घोड्यावर टोपी घातलेला म्हातारा, मागे तांबडं आभाळ, खाली इंग्रजीत लांबलचक नाव. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षरं ओळखतो, पण ती जुळवायला वेळ लागतो. तेवढ्यात आणखी दोन बस गेल्या. तारीख मात्र लगेच वाचता आली. ती अजून तीन महिने लांब होती.

घरी येऊन सुनेला सांगितलं. तिने मोबाइलवर त्या पिक्चरची झलक दाखवली. दोन मिनिटांची होती, मी अकरा वेळा पाहिली. खाली जगभरातल्या लोकांनी लिहिलं होतं, ते सुनेने थोडंफार वाचून सांगितलं. कोणी दिवस मोजत होता, कोणी वडिलांचा जुना कोट घालून जाणार होता. आपल्यासारखी वाट बघणारी माणसं इतक्या लांबही आहेत, हे ऐकून मला बरं वाटलं. मग लगेच काळजी लागली, की तीन महिन्यांत माझं किंवा दत्तारामचं काही झालं तर?

दत्ताराम माझा पन्नास वर्षांचा मित्र. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गिरणीत साचेखात्यात होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आलाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघतो, कारण कानाकडे बघितलं की त्याला माझं थोडं तोंड दिसतं. डाग वाढतोय. पुढच्या दिवाळीपर्यंत नजर किती उरेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि घोड्यांची पिक्चरं हल्ली काय दरवर्षी येतात?

मी फोन केला. त्याने आधी तारीख विचारली. मग म्हणाला, "माका नेतलंस? आणि पयल्यासारखां सांगतलंस?"

हो म्हणून बसलो. आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. त्याचं कारण सांगतो.

आम्ही तरुण असताना आमच्या गावची लालबागला एक खोली होती. तीन पाळ्यांचे एकवीस जण तिथे आळीपाळीने झोपायचे. मी बदली कामगार होतो. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचं. ज्या दिवशी काम मिळायचं नाही, त्या दिवशी खोलीतले लोक मला मॉर्निंग शोला पाठवायचे. घोड्यांची इंग्रजी पिक्चरं तेव्हा सकाळीच लागायची. सगळ्यांना जाणं जमायचं नाही, म्हणून एकाने बघून यायचं आणि रात्रपाळीला निघायच्या आधी बाकीच्यांना सांगायचं, असा रिवाज होता. मी पिक्चर सांगायचो. कोण कुठून आला, कोणी बंदूक काढली, कोण काय म्हणाला.

पण मला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं. कोण काय म्हणाला ते सगळं मी मनाने लावत होतो. खोलीत कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता त्या खोलीतले दोघेच उरलो आहोत, मी आणि दत्ताराम.

तिकिटं मी चार दिवस आधी स्वतः जाऊन काढली. सून म्हणाली होती, मोबाइलवर काढून देते. पण मोबाइलवरचं तिकीट बॅटरी संपली तर कुठे जातं, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. धोबी तलावाच्या पुढे जुनं थेटर आहे, तिथे अजून खिडकी आहे. मी पहिल्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या मागितल्या. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "काका, मान दुखेल. थेटर रिकामं आहे, मागे बसा ना." दत्तारामचं म्हणणं होतं की पडदा जेवढा जवळ तेवढ्या त्याच्या कडा मोठ्या, आणि त्याला दिसतात त्या कडाच. हे सगळं खिडकीत कसं सांगणार? मी नुसतं म्हटलं, आम्हाला पहिल्या रांगेची सवय आहे. तेही खोटं नव्हतं, आमच्या वेळी सगळ्यात स्वस्त रांग तीच असायची.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. पहिल्या रांगेचं तिकीट अजूनही स्वस्त आहे, दोघांचं मिळून एका मोठ्या हॉटेलातल्या चहापेक्षा कमी. खिडकी दुपारी जेवणाच्या वेळेत बंद असते. मी अर्धा तास पायरीवर बसलो होतो.

शोच्या दिवशी सकाळी साडेसातलाच भोईवाड्यातून निघालो. शो साडेबाराचा होता. पिशवीत दोघांच्या गोळ्या, पाण्याची बाटली, दोन शाली (थेटरात एसीचा भरवसा नसतो), छत्री आणि तिकिटं. तिकिटं प्लास्टिकच्या पिशवीत, ती पाकिटात, पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात. लालबागला पोहोचेपर्यंत खिसा पाच वेळा चाचपला.

दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत खुर्चीवर बसला होता. सुलोचना वहिनींनी मला बाजूला घेतलं. "ह्यांका रस्तो ओलांडताना हात धरा," म्हणाल्या, "आणि समोसे खाव देव नका. तीन महिने एकच जप चाललोहा, घोडो येतलो, घोडो येतलो."

लालबागहून आम्ही ऑपेरा हाउसची एसी बस धरली. सकाळी आठ-सव्वाआठला बसायला जागा मिळते. सातरस्ता, मुंबई सेंट्रल, लॅमिंग्टन रोड असा रस्ता आहे. दत्तारामला खिडकीशी बसवलं. तो समोर बघत होता, म्हणजे त्याला खिडकीबाहेरचं दिसत होतं. गिरणीच्या जागेवर उभे राहिलेले उंच टॉवर सकाळच्या धुरकट उन्हात पिवळे दिसत होते. तो म्हणाला, तू सांगितलेल्या झलकेत असेच डोंगर होते ना? मी बघितलं. खरंच, टॉवर खालून धुरात बुडाले होते आणि वर नुसते कडे लटकत होते. पुढचा सगळा रस्ता मला तसाच दिसत राहिला. रिकामा, तांबूस, आणि कुठूनतरी घोडा येईल असा. लॅमिंग्टन रोडवर बस सिग्नलला थांबली, तेव्हा आम्ही दोघंही बाहेर बघत होतो. इथे पूर्वी ओळीने थेटरं होती.

गिरगावात उतरून नाश्ता केला. गिरगावात जाणार असाल तर मोठ्या रस्त्यावर खाऊ नका, आत गल्लीत शिरा. चार बाकांचं जुनं दुकान दिसलं की बसा. आम्ही साबुदाणा वडा आणि एकात दोघांनी पीयूष घेतलं. मला साखरेची भीती, त्याला थंडाची. दुकानाच्या मालकांनी एवढ्या सकाळी कुठे दौरा म्हणून विचारलं. दत्तारामने पिक्चरला म्हणून सांगितलं. मालक हसून म्हणाले, "कुठली हिरॉइन आहे?" दत्ताराम म्हणाला, "घोडी."

शोला अजून तीन तास होते. चौपाटीवर गेलो. सकाळी तिथे फार कोणी नसतं, दोनचार फिरायला आलेले आणि कबुतरं. आम्ही सावलीला वाळूत बसलो. ओहोटी होती, वाळू लांबपर्यंत कोरडी पडली होती आणि तिच्यावरून वारा बारीक धूळ उडवत होता. आमच्या पिक्चरांची सुरुवात अशीच व्हायची. लांबवर काही हलतंय, आणि ते माणूस आहे की झुडूप ते कळत नाही.

दत्ताराम वाळूत पाय पसरून म्हणाला, आज जसं ऐकायला मिळेल तसं पुन्हा मिळायचं नाही. मला वाटलं, आत्ता सांगितलं नाही तर थेटरात पुन्हा खोटं सांगावं लागेल, आणि हे शेवटचं पिक्चर असलं तर ते खोटं कायमचं राहील.

मी सांगून टाकलं. त्या वेळी मला काहीच कळत नव्हतं. लोकांच्या तोंडची वाक्यं माझी होती. आजही मला इंग्रजी येत नाही.

तो माझ्या कानाकडे बघत राहिला. मग एकच विचारलं. "विहिरीचां पण?"

विहिरीचं म्हणजे काय ते सांगायला हवं. एका पिक्चरमध्ये गावाबाहेरच्या विहिरीवरून भांडण होतं. शेवटी टोपीवाला विहिरीच्या काठावर उभा राहून बराच वेळ काहीतरी बोलतो. मी खोलीत सांगितलं होतं की तो म्हणाला, पाणी कोणालाही द्या, पण विहीर विकू नका. हे दत्तारामने उचललं. गिरणी बंद पडली तेव्हा त्याचा मोठा भाऊ म्हणत होता, चाळीतली खोली विकून गावाला जाऊ. दत्ताराम अडून बसला. भावाने दोन वर्षं बोलणं टाकलं. दत्तारामने भाजीची गाडी लावली, दोन मुलं त्या एका खोलीत वाढवली, आणि कोणी विचारलं की हेच वाक्य सांगायचा, टोपीवाल्याच्या नावावर. मी शंभर वेळा ऐकलंय आणि शंभर वेळा गप्प बसलोय.

"विहिरीचं पण," मी म्हटलं. "गावाला आमच्या विहिरीवर भांडण झालं की माझी आई तसं म्हणायची."

"पन्नास वर्सां मी त्या टोपीवाल्याचां आयकलंय," तो म्हणाला. आणि उठला.

चौपाटीपासून धोबी तलावापर्यंत रमतगमत गेलं तर म्हाताऱ्या माणसाला अर्धा-पाऊण तास लागतो. समुद्राच्या कडेने फुटपाथ चांगला आहे, बसायला कठडा आहे. आम्ही कठड्यावर बसलो नाही. तो माझा हात धरून चालत होता, कारण हात सोडणं त्याला शक्य नव्हतं, पण बोलत नव्हता. वहिनींनी सांगितलं होतं म्हणून रस्ता ओलांडताना मी त्याचा हात घट्ट धरत होतो, आणि दर वेळी वाटत होतं, पलीकडे गेल्यावर हा हात काढून घेईल. ऊन चढलं. समुद्र नुसता पांढरा चमकत होता. मी मनात तीन वेळा ठरवलं की टॅक्सी करून परत जाऊ, तिकिटं गेली तर गेली.

थेटरच्या दाराशी तो थांबला. म्हणाला, "आज जां दिसता ताच सांगायचां. बोललेलां कळला नाय, तर नाय कळला म्हणायचां."

आत पन्नासएक माणसं असतील. पहिल्या रांगेत आम्ही दोघेच. दिवे गेले आणि पडदा असा उघडला की जणू आमच्या अंगावर आला. मोठ्ठं मैदान, त्यावर ढगांच्या सावल्या चालल्यात. माझ्या मानेला रग लागली, पण दत्ताराम मान जराशी वळवून बसला आणि हळूच म्हणाला, आभाळ दिसतंय. पूर्ण दिसतंय.

मी सांगू लागलो. एक म्हातारा येतोय, घोडा लंगडतोय. दोन वाक्यं झाली असतील, दुसऱ्या रांगेतून एक गृहस्थ अदबीने म्हणाले, "काका, प्लीज. सहा महिने वाट बघतोय या पिक्चरची." बरोबरच होतं त्यांचं. मी गप्प झालो. आता काय करायचं? कानात कुजबुजलो तर दत्तारामला ऐकू येत नाही, साचेखात्याच्या आवाजाने त्याचे कान कधीच मंद झालेत.

तेव्हा त्याने स्वतःचा हात उताणा करून माझ्या मांडीवर ठेवला. "हातार सांग," म्हणाला.

साचेखात्यात शेकडो माग एकदम चालायचे, शेजारच्याचं ओरडणंही ऐकू यायचं नाही. म्हणून तिथले लोक ओठांवरून आणि हातांच्या खुणांनी बोलायचे. मीही बदलीत तिथे बरंच काम केलंय. कपाळाला दोन बोटं लावली म्हणजे साहेब, कारण साहेब टोपी घालायचा. चिमूट झटकन सोडली म्हणजे धागा तुटला. मूठ मिटली म्हणजे साचा बंद. अंगठा ओठाला म्हणजे पाणी. पंजा पालथा फिरवला म्हणजे पाळी सुटली. त्या खुणा मी त्याच्या तळहातावर बोटांनी करू लागलो. दोन बोटं टेकवली, साहेब आला. आणखी एक साहेब आला. तीन साहेब दारूच्या दुकानात बसलेत. दत्ताराम वाकून म्हणाला, "सगळे साहेबच? कामगार कोण हा?" पिक्चरमध्ये सगळ्यांनाच टोप्या होत्या. मग म्हाताऱ्यासाठी मी त्याच्या अंगठ्याचं पेर दाबायचं ठरवलं, आणि तिथून आम्हाला लय सापडली.

या खुणांत खोटं सांगायला जागाच नाही. कामापुरतेच शब्द आहेत. म्हातारा आला. पाणी मागितलं. पाणी दिलं नाही. गोळीबार झाला तेव्हा मी चिमूट सोडत गेलो, धागा तुटला, तुटला, तुटला. तो मोजत होता. कोणीतरी मेलं की मूठ. लोक बोलत राहिले की मी हात नुसता सपाट ठेवायचो, म्हणजे कळलं नाही. निम्मं पिक्चर माझा हात सपाट होता. मला लाज वाटत होती. पण दत्ताराम तक्रार करत नव्हता. मध्येच तो मला सांगायचा, वर गिधाड आहे, उजवीकडच्या खिडकीत दिवा लागला. मी बघायचो तर खरंच असायचं. मी आयुष्यभर पिक्चरमध्ये मधल्या माणसाकडे बघत आलो. खिडकीतला दिवा मला दिसलाच नसता.

इंटर्व्हलमध्ये मागचे गृहस्थ समोसे घेऊन आले आणि रागवू नका म्हणाले. हातांनी काय चाललंय विचारलं. आम्ही सांगितलं. त्यांनी कपाळाला दोन बोटं लावून बघितली. समोसा दत्तारामने खाल्ला. वहिनी हे वाचणार नाहीत अशी आशा आहे.

शेवट सांगतो. ज्यांना आधी कळायला नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. सगळं संपल्यावर म्हातारा घोड्यावर बसून मैदानातून निघतो. एकटाच. लांबच लांब मैदान, संध्याकाळचं ऊन. मी पंजा पालथा फिरवला, पाळी सुटली. मग घोडा थांबला. का थांबला ते मला कळेना. मी मूठ मिटली, साचा बंद.

"नाय," दत्ताराम म्हणाला. "डाव्या कोनशात कायतरी हलता."

मी बघितलं. पडद्याच्या अगदी कडेला धुळीचा ठिपका होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी घोड्यावर येत होतं. कोण ते इतक्या लांबून कळत नव्हतं. म्हातारा मान वळवून बघत राहिला.

"काय म्हणालो तो?"

मी त्याच्या हातावर हात सपाट ठेवला. मग वाटलं, त्याचा अर्थ कळलं नाही असा होईल. म्हणून कानाशी वाकून जरा मोठ्याने सांगितलं, काही बोलला नाही, ओठ बंद आहेत.

तो थोडा वेळ कडेच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिला. म्हणजे त्याचं तोंड थेट माझ्याकडे होतं.

"मगे तू बोल," तो म्हणाला.

मी म्हटलं, "ये सावकाश. मी थांबलंय."

पडदा काळा झाला. त्याने माझा हात मिटला आणि नावं संपेपर्यंत सोडला नाही.

परतताना जमिनीखालची मेट्रो केली. गिरगावच्या या बाजूला नवी स्टेशनं झालीत, सरकते जिने आहेत, पण जिन्यावर चढताना दत्तारामला पायरी दिसत नाही, म्हणून लिफ्ट शोधा. लिफ्ट असते. दादरला उतरलो आणि टॅक्सीने लालबाग गाठलं, तेव्हा अजून ऊन होतं.

वहिनींनी चहा टाकला. मग दत्तारामने पिक्चर सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सांगितलं आणि मी ऐकलं. गिधाड, खिडकीतला दिवा, ढगांच्या सावल्या. त्याचं पिक्चर माझ्यापेक्षा वेगळं होतं, जास्त मोकळं. शेवटी म्हणाला, घोडा थांबला आणि आवाज आला, ये सावकाश, मी थांबलंय.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टोपीवालो मालवणी बोललो?"

मी कप खाली ठेवला. दत्ताराम म्हणाला, "तां बाबल्यान म्हटलां." बाबल्या म्हणजे मी.

"आणि टोपीवाल्यान?"

"तो गप होतो," दत्ताराम म्हणाला. मग, "विहिरीचां पण बाबल्याचांच."

वहिनींनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

लालबागहून भोईवाड्यापर्यंत मी चालत गेलो. एरवी मी खाली बघत चालतो, खड्ड्यांच्या भीतीने. त्या दिवशी दत्तारामसारखं जरा मान वळवून चालून बघितलं. दुकानांच्या वर, पत्र्याच्या कडेला एक बाई गादी उन्हातून उचलत होती. एका खिडकीत दिवा लागला. घरी पोहोचल्यावर खिसा चाचपला. तिकिटांचे अर्धे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत, पाकिटात, जागेवर होते.